मुदत नसलेली चौकी

शके १७०७, आषाढ वद्य पंचमी

अंताजीपंत कारकुनांनी एका बाजूनं लिहिलेले रद्दी कागद दिले आहेत. कोऱ्या बाजूवर रोज काहीतरी खरड, हात बसेल, म्हणाले. बसेल तेव्हा बसेल. मला सर्जेराव शिलेदारांच्या पथकात जायचं आहे. त्यांना थोडं लिहिता-वाचता येणारा बारगीर हवा आहे आणि घोडा ते देणार. म्हणून हा खटाटोप. गावी गंगाथडीला गुरवानं मुळाक्षरं शिकवली तेवढीच, पुढे ढोरांमागे गेलो.

आज काय केलं? दारात बसलो. काल? दारात बसलो. आत दिगंबरपंत सावकार, बाहेर मी. त्यांच्या पायात बेडी आहे, माझ्या पायात जोडा. फरक तेवढाच.

या चावडीचा शिरस्ताच असा आहे. एका कैद्यावर एक प्यादा नेमला की कैदी सुटेपर्यंत त्यानं हलायचं नाही. घटका-दोन घटका शेजारचा प्यादा दार बघतो, त्याहून जास्त हलायचं तर बदली माणूस आणून द्यायचा. प्याद्याचं पोटही कैद्याच्याच घरावर. पंतांच्या घरून शिधा येतो, त्यात माझा वाटा. ते घर आता पार खंगलं आहे. जोंधळा येतो तो किडका, मीठ कधी येतं कधी विसरतं. अशा जागी बदलीला कोण येणार? दोघांना विचारून पाहिलं. दोघेही हसले.

माझ्या आधी इथं एक म्हातारा होता. तो या दारातच मेला. चौकी मला मिळाली म्हणून मी तेव्हा गूळ वाटला होता. गाढव मी.

आषाढ वद्य अष्टमी

आज अंताजीपंतांना सरळ विचारलं, "पंतांची मुदत किती?"

"कसली मुदत?"

"कैदेची."

"हुकमात ‘पुढील आज्ञा होई तो’ असं आहे."

"ती पुढली आज्ञा कधी व्हायची?"

"ज्यांनी आधीची दिली ते वारले."

"मग हो?"

"मग काय? ते सुटले." आणि बोरू कानावर ठेवून जेवायला गेले.

नऊ वर्षं झाली पंतांना. मारामाऱ्या करणारे आले, गेले. एक तर बायकोच्या डोक्यात पाटा घातलेला होता, त्याला किल्ल्यावर पाठवलं, तिथून दोन वर्षांत तो घरीही आला. हे आपले बसलेत. आणि माणूस तसा वाईट नाही. गेल्या पावसाळ्यात मला हिवताप भरला, मी दारातच आडवा झालो, तेव्हा पंतांनीच बेडी दगडावर आपटून आपटून लोक गोळा केले. पळून जायचं तर तो दिवस होता. बोलतात कमी. उठतात, आंघोळ, संध्या, आपलं अन्न आपण शिजवतात, मग भिंतीकडे तोंड.

मी मात्र दिवसातून शंभर वेळा उठतो नि बसतो. पंत म्हणाले, "सुभानजी, कैद तुम्हांला झाली आहे की मला?" गमतीनं म्हणाले असतील. मला नाही गंमत वाटली.

आषाढ अमावास्या

मकसूद लोहार बेड्या तपासायला आला. तोही नालबंद म्हणून सर्जेरावांच्याच पथकात चालला आहे. दसऱ्याला डेरे बाहेर पडणार, पुढे कर्नाटकाकडे. म्हणाला, "तू आलास तर एका राहुटीत राहू. पण तू कसला येतोस."

त्याला मी विचारलं, यांनी केलं तरी काय? दोन वर्षं ज्याची राखण करतो त्याचा गुन्हा मी कधी नीट विचारला नव्हता. पैशाची लबाडी, एवढंच ठाऊक.

मकसूदनं सांगितलं ते असं. गुजराथच्या मोहिमेला निघताना पुष्कळ शिलेदार आपला ऐवज पंतांच्या दुकानी ठेवून गेले. घरात लागेल तसा देत जा म्हणाले. त्यातले बरेच परत आले नाहीत. बायका दुकानी गेल्या, तर पंत म्हणायचे, तुमचे यजमान निघण्याच्या आदल्या संध्याकाळी येऊन सगळं घेऊन गेले. आणि मग अगदी हळू विचारायचे, "बरोबर एक बाई होती. ती तुमच्या घरातलीच ना?"

"एवढं ऐकल्यावर कोण फिर्यादीला जाते?" मकसूद म्हणाला. "पदर तोंडाला लावून सरळ घरी."

"मग हे सापडले कसे?"

"एक गेली नाही घरी. बायडाबाई म्हणून आहे, शनिवारात. तिनं दुकानासमोर उभं राहून ते सगळं मोठ्यानं सांगितलं. ते ऐकून आणखी चौघी पुढे आल्या, ‘अगं, मलाही हेच सांगितलं’ म्हणत."

मी म्हटलं, लबाडी आहे खरी. पण नऊ वर्षं? पैशासाठी? पैसा तर दुकान, दागिने विकून काढून घेतलाच की त्यांच्याकडून.

मकसूद कानस घासत म्हणाला, "त्या तांब्या चोरणाऱ्याचा हात तोडला, आठवतं? चार दिवसांत मोकळा झाला तो. सांग, कोणाची शिक्षा मोठी?"

"हात गेला त्याची."

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "मी दोन्ही कामांना हत्यारं करून देतो."

श्रावण शुद्ध दशमी

देव आहे!

सरकारवाड्यात काही शांतिकर्म व्हायचं आहे, त्या निमित्तानं जुने कैदी सोडायचे असं आलं आहे. अट एकच. फिर्यादीनं राजीखत द्यायचं, म्हणजे माझी आता तक्रार नाही असं लिहून द्यायचं. पितृपक्ष लागायच्या आत. अंताजीपंतांनी दप्तर काढलं. पंतांच्या पाच फिर्यादी, त्यांतल्या चौघींनी वसुली झाली तेव्हाच लिहून दिलेलं आहे. राहिली एकटी बायडाबाई. तिनं वसुलीतला पैसाही घेतला नाही म्हणे, तो सरकारात तसाच पडून आहे.

एक सही. सही कसली, तिची निशाणी. तेवढ्यावर मी मोकळा. सर्जेरावांना निरोप धाडला की दसऱ्याच्या आधी येतो, माझा घोडा दुसऱ्याला देऊ नका. पंतांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघा प्रयत्न करून." जसा काही मीच सुटणार आहे!

श्रावण शुद्ध द्वादशी

गेलो होतो. शनिवार पेठेत आत एका बोळात तिची खोली आहे. खोगिरं शिवते. सगळीकडे लोकर आणि पेंढा, आणि मधे ही बसलेली, दाभण हातात. मी शिकवल्यासारखं बोललो. पंत म्हातारे झाले, डोळ्यांनी कमी दिसतं, पुण्य लागेल, सरकारची इच्छा आहे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू कोण त्याचा?"

"चौकीवरचा प्यादा."

"मग तुला रं कशाला पुळका?"

मी खरं ते सांगितलं. पथक, घोडा, कर्नाटक. तर ती हसली. "म्हंजे सुटायचंय तुला."

"दोघांनाही सुटायचं आहे, बाई."

"जेवतोस कुठं?"

"पंतांच्या घरून शिधा येतो."

दाभण थांबलं. "म्हंजे माझ्या मालकाच्या ऐवजावर जेवतोस. बाकीच्या मेलेल्यांच्या बी. लेकरा, त्यातला घास तरी उतरतो का रं खाली?"

काय हा बोलायचा प्रकार! मी काय मागायला गेलो होतो का तो शिधा? शिरस्ता आहे चावडीचा. मी उठून आलो. वाटेत एका बैलाला उगाच लाथ मारली, आणि पायच दुखावला.

श्रावण शुद्ध त्रयोदशी

आज जेवायचं नाही असं ठरवलं. दुपारी भूक लागली, जेवलो. घास उतरला. पण ती बया डोळ्यांसमोर.

श्रावण वद्य षष्ठी

पुन्हा गेलो. या वेळी एक शब्द बोललो नाही, बसून लोकर पिंजून दिली. बसून राहण्यात माझा हात कोण धरणार आता! बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "देते राजीखत."

मी उठलोच.

"बस. एक गोष्ट त्यानं माझ्या तोंडावर सांगायची. त्या सांजंला माझ्या मालकाबरोबर बाई होती, का नव्हती."

मी म्हटलं, "अहो बाई, कसली बाई नि काय! ती लबाडी होती. चौकशीत सिद्ध झालं. आख्ख्या पेठेला ठाऊक आहे."

"पेठेला ठाऊक असून मला काय करायचंय? त्या चौघींना खोटं सांगितलं, म्हणून मला बी खोटंच सांगितलं असं कुठं हाय?"

मी लोकर पिंजत राहिलो.

"माझा मालक रंगेल होता," ती म्हणाली. "हसतमुख होता. सगळ्या आळीला आवडायचा. ते सावकारानं म्हटलं, आणि मी वरडले दुकानापुढं, लबाड म्हणून. वरडताना बी मला वाटत होतं, असंल. आज बी जेवायला बसले का वाटतं, असंल. न्हाईतर वाटतं, नसंल. लोक श्राद्ध करत्यात, मी बी करते. पान वाढताना हात थांबतो."

हे मला सगळं कळलं असं नाही. मेलेला माणूस मेला. अकरा वर्षांपूर्वी कोण कोणाबरोबर होतं याचं आता काय? पण बायकांचं डोकं वेगळं चालतं. असो. काम झालं! पंतांनी ‘नव्हती’ म्हणायचं, आणि बेडी तुटली.

श्रावण वद्य सप्तमी

पंतांना सगळं सांगितलं. वाटलं होतं खूश होतील. ते भिंतीकडे बघत राहिले.

"तिचे यजमान कसे होते दिसायला?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? हसतमुख होते म्हणे."

"पुष्कळ जण हसतमुख होते हो. मोहिमेला निघालेले."

"पंत, आठवायचं काय आहे त्यात? ‘बाई नव्हती, मी खोटं बोललो’ एवढं म्हणायचं. तुम्हांला काय अवघड आहे खोटं बोलणं? आणि हे तर खरंच आहे!"

"हं," म्हणाले.

दिवसभर तेवढाच एक हुंकार. रोज दोनदा त्यांच्याकडून वाक्य म्हणवून घेणार आहे.

भाद्रपद शुद्ध तृतीया

ती आली. चावडीवर पंचांपैकी दोघे होते, अंताजीपंतांनी राजीखत लिहून ठेवलं होतं. खाली निशाणी उठवायचीच काय ती बाकी. मकसूद छिन्नी-हातोडा घेऊन बाहेर बसला होता. मी पंतांना धरून आणलं.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. पंत नऊ वर्षांत फार खचले आहेत, तिनं बहुतेक ओळखलं नाही. मग म्हणाली, "सावकार, मी दुसरं काही मागत न्हाई. त्या सांजंला माझ्या मालकासंगं बाई होती, का तुम्ही खोटं बोललासा?"

मी मागून पंतांच्या सदऱ्याला चिमटा काढला.

पंत म्हणाले, "बाई, आठवत नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आठवत नाही," पुन्हा म्हणाले. "एक गृहस्थ खरोखरच आले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी. ऐवज परत घेतला. बरोबर बाई होती, ती ओट्याखाली उभी होती. त्यावरूनच मला ते सुचलं. पुढे मी ते सगळ्यांना सांगत गेलो. पण तो खरा एक कोण, हे आता सांगता येत नाही. तुमचे यजमान नसतील. किंवा असतील."



अंताजीपंत म्हणाले, "पंत, विचार करून बोला. नसतील म्हटलंत तर आज घरी जाल."

"ते ठाऊक आहे," पंत म्हणाले. "मला सुभानजींनी पाठही करवलं आहे."

बायडाबाई राजीखताकडे वळलीही नाही. म्हणाली, "मग बसा हितं. आठवेपर्यंत बसा." आणि गेली.

अंताजीपंतांनी कागद दुमडला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मुदत विचारत होतास. घे, मिळाली."

भाद्रपद शुद्ध चतुर्थी

गावात आज सगळीकडे गणपती बसले. मी पंतांशी बोलत नाही.

दहा-दहा बायकांना तोंडावर फसवताना या माणसाची जीभ अडखळली नाही. आणि आयुष्यात एकदा, फक्त एकदा, खोटं बोललं तर सगळ्यांचं भलं होतं, ती सुखानं श्राद्ध करती, ते घरी जाते, मी घोड्यावर बसतो, तर नेमकं तेव्हाच यांना खरं बोलायचं सुचलं! कोणाला उपयोग झाला त्या खऱ्याचा? मी तोंडावर विचारलं तसं.

म्हणाले, "आणखी एकदा तिलाच फसवायचं?"

मी म्हटलं, "हो!"

मी त्यांचा तांब्या लाथेनं उडवणार होतो, पण त्यांच्या पाण्याला मी शिवायचं नाही, म्हणून तेही जमलं नाही.

भाद्रपद वद्य प्रतिपदा

पितृपक्ष लागला. ज्यांची राजीखतं आली ते काल सुटले. समोरच्या खोलीतला खोट्या वजनांचा वाणी नाचत गेला. त्याचा प्यादाही.

आश्विन शुद्ध दशमी, दसरा

सोनं लुटलं नाही. कोणाला द्यायचं?

सर्जेरावांचं पथक दुपारी बाहेर पडलं. मी चावडीच्या कट्ट्यावर चढून पाहिलं, धूळच दिसली. मकसूद सकाळी भेटून गेला. त्यानं विचारलं, अजून वाचायला शिकतोस का? म्हटलं, कशाला? माझा घोडा वाईकडच्या कोणा पोराला दिला म्हणे. त्याला अक्षरशत्रू म्हणतात सगळे.

पंत दिवसभर डोळे मिटून बसतात हल्ली. झोपलेले नसतात. ओठ हलतात. मला वाटलं जप आहे. विचारलं तर म्हणाले, "दुकानात कोण कोण आलं ते बघतो आहे. दारापासून सुरुवात करतो. आधी उन्हं कुठं होती ते आठवतं, मग माणूस."

"सापडला का तिचा मालक?"

"अजून नाही. गोंगाट करू नका."

कैदी प्याद्याला सांगतो, गोंगाट करू नका.

आश्विन वद्य चतुर्थी

आज पंतांनी हाक मारली. एक जण आठवला म्हणाले. डावा गाल बंदुकीच्या दारूच्या भडक्यानं भाजलेला, आणि हातात पिंजरा. ऐवज ठेवल्यावर त्यानं विचारलं होतं, "सावकार, पोपटही ठेवून घेता का? बायकोचं नि त्याचं पटत नाही." पंतांनी नाही म्हटलं, मग दोघेही खूप हसले होते.

"हा नंतर ऐवज न्यायला आला नाही," पंत म्हणाले. "हे नक्की. बाई-बीई काही नव्हती. पोपट होता."

मी धावतच शनिवारात गेलो. का धावलो कोण जाणे. पथक तर कधीच भीमा ओलांडून गेलं असेल. "बाई, तुमच्या मालकांनी पोपट पाळला होता?"

"न्हाई."

"गाल भाजला होता?"

"न्हाई रं. कोण ह्यो?"

मी सगळं सांगितलं. ती दाभण खाली ठेवून ऐकत होती. म्हणाली, "ह्याची बायको आमच्या पाचजणींत न्हवती. म्हंजे ती फिर्यादीला आलीच न्हाई."

"नसेल आली."

"म्हंजे ती अजून ते खरं धरून बसली असंल."

मी म्हटलं, असेल. त्यात मी काय करू? माझं काम दारात बसायचं.

"मग बस जा दारात," ती म्हणाली, आणि खोगीर ओढून घेतलं. मी उभाच. तिनं वर न बघता विचारलं, "राहती कुठं ती, सांगितलं का त्यानं?"

आश्विन वद्य सप्तमी

पंतांना एवढंच आठवत होतं की ती बाई सदाशिव पेठेच्या बाजूनं यायची, मोठा हौद आहे तिथून. अंताजीपंतांकडून दोन दिवसांची मोकळीक मागितली. ते म्हणाले, "कैदी आत आणि प्यादा गावात. प्रगती आहे." पण दिली, आणि स्वतः दाराशी बसले.

कालचा सगळा दिवस फुकट. घरोघर विचारायचं तरी काय? इथं कधी पोपट होता का? लोक वेड्यासारखे बघतात. एका आजोबांनी सरळ विचारलं, "पोपट तुमचा कोण लागतो?" आज एका कासारणीनं घर दाखवलं. नवरा गुजराथेत पडलेला, गाल भाजलेला, होय, तोच.

दारात सुपात काहीतरी निवडत होती. फार वय नाही, पण केस पांढरे. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, ते विसरलो. जसं आलं तसं सांगितलं. सावकार खोटं बोलला होता, तुमचे यजमान ऐवज न्यायला आलेच नव्हते, त्यांच्याबरोबर कोणी नव्हतं, पोपट होता.

ती सूप हलवत राहिली. मग ते थांबलं.

"कोण सावकार? तो दिगंबरपंत? अजून आहे?"

"आहे. कैदेत आहे."

"किती वर्षं झाली?"

"नऊ." आणि मी आपला सवयीनं पुढे म्हणालो, "फार झाली हो. म्हातारा माणूस आहे."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला अकरा झाली."

तिनं पाणी दिलं, मी प्यालो, निघालो. बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत काही ऐकू आलं नाही. मग आलं. बाई एवढ्या मोठ्यानं रडताना मी गावीही कधी ऐकली नव्हती. आजूबाजूच्या बाया धावल्या. मी थांबलो नाही.

चावडीवर आलो. अंताजीपंत उठून गेले. आतून पंतांनी विचारलं, "सापडली?"

"सापडली."

"काय म्हणाली?"

मी जोडा काढला, दारात माझ्या जागेवर बसलो.

"ते राहू दे," मी म्हटलं. "पुढचा आठवा."